सोनखताचा हिशेब: दोन खड्ड्यांचं संडास खरंच परवडतं का?

खटावची_माती
नमस्कार मंडळी. गावाकडे रानात छोटं घर बांधायला काढलंय, खटाव तालुक्यात. संडासवरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. गवंडी म्हणतो सेप्टिक टँक घाला, एकदाच खर्च, वीस वर्षं बघायला नको. माझा चुलतभाऊ म्हणतो दोन शोषखड्डे पाडा, एक भरला की दुसरा, आणि पहिल्यातलं सोनखत (कुजून खत झालेला मैला) रानात घाला, खताचा खर्च वाचेल. आई म्हणते काय करायचं ते करा पण मला त्यातलं काही दाखवू नका. आमच्याकडे आलं, बटाटा, थोडा कांदा आणि बांधावर आंबा-शेवगा-नारळ असं आहे. जमीन निम्मी काळी निम्मी मुरमाड. मला जाणून घ्यायचंय की पैशाच्या बाजूने यात खरंच काही दम आहे का, का हे नुसतं पर्यावरणवाल्या लोकांचं गोड बोलणं आहे? अनुभव असलेल्यांनीच लिहा प्लीज, गूगल मला पण येतं.

हिशेबनीस
अनुभव नाही पण आकडे आहेत, चालत असतील तर घ्या 🙂
भारतीय जेवणावर एका माणसाच्या मूत्रात वर्षाला साधारण 2.3 किलो नत्र, 0.3 किलो फॉस्फरस आणि 1.1 किलो पोटॅशियम निघतं असं धरतात. विष्ठेत त्या मानाने फारच कमी, नत्र 0.3, फॉस्फरस 0.1, पोटॅशियम 0.4 किलो. म्हणजे खतातला माल बहुतेक सगळा मूत्रात आहे, हे आधी डोक्यात घ्या कारण सोनखत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर दुसरंच येतं.
आता घरात पाच माणसं. नत्र साडेअकरा किलो. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे 25 किलो युरिया. 45 किलोची बॅग 266.50 ला, म्हणजे झाले दीडशे रुपये. वर्षाचे. पाच माणसांचे. फॉस्फरस डीएपी खताच्या भावाने (1350 ची बॅग) दोनशेच्या आसपास, पोटॅश 1500-1700 ची बॅग धरली तर साडेतीनशे. सगळं मिळून सातशे रुपये वर्षाला. आणि हे सुद्धा तुम्ही मूत्र वेगळं धरून ठेवलंत तर. दोन खड्ड्यांच्या संडासात मूत्र पाण्याबरोबर जमिनीत मुरून जातं, खड्ड्यात उरतं त्याची खत म्हणून किंमत याच हिशेबाने वर्षाला दोनशे रुपये सुद्धा धड होत नाही.
तेव्हा तुमच्या भावाला सांगा खताचा खर्च वाचेल वगैरे विसर.

भुईमूग
हिशेब बरोबर असेल पण तुम्ही युरिया सबसिडीच्या भावाने धरलाय. ती बॅग सरकारला कितीला पडते बघा, कित्येक पट. पोटॅश तर आपल्या देशात जवळपास नाहीच, सगळा बाहेरून येतो, फॉस्फरसचा दगड पण बराचसा बाहेरचा. म्हणजे शेतकऱ्याला सातशे वाटतात पण देशाला ते सातशे नाहीत. सबसिडी आहे म्हणून सोनखत फुकट वाटतंय, दुसरं काही नाही.

हिशेबनीस
मान्य. पण संडास बांधतोय तो माणूस स्वतःच्या खिशातून बांधतोय, देशाच्या नाही.
आणि अजून एक. 25 किलो युरिया पोरगं सायकलवर आणतं. तेवढंच नत्र मूत्रातून पाहिजे तर पाच माणसांचं वर्षाचं अडीच हजार लिटर हलवावं लागतं. घराच्या मागच्या झाडांना घालायचं असेल तर ठीक, पण गावातून गोळा करून पाच किलोमीटरवर न्यायचं म्हटलं की डिझेलमध्येच सगळं गेलं. याच्यात पाणी एवढं आहे की वाहतूक मारते. सुरू (थंडीत लावलेल्या) उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, त्या हिशेबात पाच जणांचं कुटुंब फक्त साडेचार गुंठे ऊस पोसेल.

कोकम_सरबत
साडेचार गुंठे फक्त म्हणताय, आमच्याकडे कोकणात साडेचार गुंठे म्हणजे माणसाची इस्टेट असते 😄
मी कणकवलीकडची. आमच्याकडे हा विषय नवा नाही. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला 1948 मध्ये, तिथे संडास-मुताऱ्यांपासून खत करायचे प्रयोग केले, माणसाच्या मैल्याला सोनखत म्हणत आणि सफाईचं काम कमीपणाचं नाही हे स्वतः करून दाखवत. गोपुरी पद्धतीच्या संडासात पाणी ओतायचं नाही, वर माती-पाला टाकायचा. आजोबांच्या पिढीतल्या लोकांना हे माहीत होतं. मग फ्लश आला आणि सगळ्यांना फ्लशच पाहिजे झाला, साहजिक आहे, पावसाळ्यात अंगणात पाला शोधत कोण बसणार.
आता अनुभव. माझ्या मावशीकडे दोन खड्ड्यांचं आहे, सिमेंटच्या रिंगा टाकून केलेलं. गेल्या मे महिन्यात बंद ठेवलेला खड्डा उघडला तेव्हा मी तिथेच होते. फरशी सरकवली तर आधी झुरळांची फौज बाहेर आली, मग आत बघितलं तर वरचा थर सुकून भेगा पडलेला, काळपट तपकिरी. वास म्हणाल तर नाही, ओल्या मातीसारखा हलका. काकांनी फावड्याने ढेकळं काढून घमेल्यात टाकली, हातमोज्याने दाबली की भुगा होत होती. त्यात काय काय निघालं सांगू, शांपूच्या पुड्या, एक टूथब्रश, रबरबँड, आणि पॅडचे तुकडे, तेच सगळ्यात वाईट कारण ते कुजत नाही आणि वेचत बसावं लागतं. पण एवढा मोठा खड्डा आणि निघाली किती तर मोजकी घमेली. मावशीची निराशा झाली, तिला वाटलं होतं ट्रॉली भरेल.
ते सगळं सुपारी आणि नारळाच्या आळ्यात गेलं. माडाला फरक पडला का? कुणी मोजलंय कधी? पण तिने तेव्हापासून मैल्याची गाडी बोलावलेली नाही, हे मात्र नक्की.

पाणीवाला_इंजिनियर
कोकम ताईंचं शेवटचं वाक्य बघा, अख्ख्या धाग्याचं उत्तर त्यात आहे आणि सगळे खताच्या भावात अडकलेत.
मी नगरपालिकांच्या सांडपाण्याच्या कामात आहे. दोन खड्ड्यांच्या संडासाचा फायदा खत विकून किंवा खत वाचवून होत नाही, टँकर वाचवून होतो. सेप्टिक टँक भरली की उपसावी लागते, आमच्या भागात सक्शन गाडीवाला एका फेरीला दीड-दोन हजार घेतो, रानात लांब असाल तर जास्त. नियमाने दोन-तीन वर्षांनी उपसायला पाहिजे. लोक काय करतात, वीस वर्षं बघतच नाहीत, तुमचा गवंडी जे म्हणाला तेच. मग टाकी टाकी राहत नाही, गाळाने भरते, वरून आलेला मैला थेट शोषखड्ड्यात नाहीतर गटारात. ती मोफत वीस वर्षं नसतात, शेजाऱ्याची विहीर त्याचे पैसे भरत असते.
आणि गाडीवाला उपसलेला गाळ कुठे नेतो हे कधी विचारलंय का कुणी? जिथे प्रक्रिया केंद्र नाही तिथे ओढ्यात, नाहीतर रात्री कुणाच्या तरी पडीक रानात.
तुमच्याच जिल्ह्यात वाईला जाऊन बघा. वाई आणि नाशिककडचं सिन्नर, या दोन गावांनी 2018-19 च्या सुमारास टाकी भरल्यावर फोन करायची पद्धत बंद केली. दर तीन वर्षांनी गाडी वॉर्डावॉर्डाने फिरते, घरमालकाने बोलवायची गरज नाही, पैसे वेगळे द्यायचे नाहीत, सफाईचा कर घरपट्टीबरोबर घेतात आणि ठेकेदाराला काम झालेल्या घरांप्रमाणे पैसे. गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. गाडी ओळीने फिरते म्हणून फेरीचा खर्च खाली येतो, हेच त्यातलं सगळं अर्थशास्त्र. खत वगैरे शेवटी निघालं तर निघालं, त्याच्या भरवशावर कोणी केंद्र उभं करत नाही, करू पण नये.

रोखठोक
छान चाललंय. सुपारीच्या आळ्यात गेलं, घमेली भरली, सोनं झालं. एक प्रश्न, तो खड्डा उपसतो कोण? कोकम ताईंच्या काकांनी स्वतः उपसला, मानतो. गावात किती जण स्वतः उतरतील? बाकीचे कुणाला हाक मारतील ते सगळ्यांना माहितीये, आणि कुठल्या वस्तीतून ते पण. सोन्यासारखं खत म्हणायचं आणि घमेलं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं, हेच पिढ्यान्‌पिढ्या चाललं. तुमच्या हिशेबात त्या माणसाची मजुरी कुठे धरली आहे?
2013 च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावणं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हटलं, 2023 मध्ये ते तीस लाख केले. म्हणजे माणसं अजून मरतायत. आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणारा माणूस गॅसने मरतो, त्याला खत-बित काही कळत नसतं.

पाणीवाला_इंजिनियर
रोखठोक, तुम्ही चिडून लिहिलंय पण मुद्दा पक्का आहे, आणि तो दोन खड्ड्यांच्या बाजूने जातो. सेप्टिक टँकमधला माल ओला, ताजा, गॅसचा असतो, तिथे माणूस उतरवणं म्हणजे खूनच. दोन खड्ड्यांत एक खड्डा बंद करून वर्ष-दीड वर्ष ठेवला की आत जे उरतं ते मैला राहत नाही. म्हणून तर फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणात वरंगलजवळ गंगादेवीपल्लीत केंद्र सरकारचे तेव्हाचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून उपसत होते, फोटो सगळीकडे आले होते. त्यात दिखावा होता का, होता. पण साहेब उतरू शकतो तर घरमालक का नाही, एवढं तरी लोकांना दिसलं.

रोखठोक
साहेब एकदा उतरला. फोटो काढला. गाडीत बसून गेला. मी रोजच्याबद्दल बोलतोय.

विद्या_सांगली
रोखठोक यांच्याशी सहमत, आणि याचं एक उदाहरण बाहेरचं देते. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या महापालिकेने 2003 च्या आसपासपासून शहराबाहेरच्या वस्त्यांत मूत्र वेगळं करणारी कोरडी संडासं बांधून दिली, 75 हजारांहून जास्त. फुकट. अट एकच, भरलेली कोठी घरच्यांनी रिकामी करायची, पाहिजे तर परसात पुरून खत करायचं. लोकांनी संडास वापरलं पण उपसायला नको म्हणाले, खत म्हणून तर फारच थोड्यांनी वापरलं, त्यांना शहरातल्यासारखा फ्लश पाहिजे होता आणि हे गरिबांसाठीचं दुय्यम वाटलं. शेवटी रिकामं करायचं काम पालिकेनेच अंगावर घेतलं.
चीनमध्ये तर ऑर्डोसला फ्लॅटमध्ये कोरडी संडासं बसवली होती, सुमारे 830 घरांत. वास, पाइपात अडकणं, तक्रारी, 2009 मध्ये सगळी काढून फ्लश बसवले. स्वच्छतेचं अर्थशास्त्र लिहिणारे लोक 'ग्राहकाची इच्छा' हा कॉलम कायम रिकामा सोडतात, त्याचा हा परिणाम.

उत्तरेकडून
स्वीडनमधून लिहितोय, इथे उलटी गंमत चालू आहे. गॉटलंड बेटावर उन्हाळ्यात पर्यटक येतात तेव्हा फिरत्या संडासांतून मूत्र वेगळं गोळा करतात, ते वाळवून त्याच्या गोळ्या करतात आणि बार्लीला घालतात. वाळवलं की हिशेबनीस म्हणतात तो पाण्याच्या वाहतुकीचा प्रश्न संपतो, पण वाळवायला ऊर्जा लागते. विद्यापीठातल्या लोकांची छोटी कंपनी आहे, अजून स्वतःच्या पायावर वगैरे नाही. आवडलं मला पण इथल्या पगारात इथल्या अनुदानावर चाललंय, खटावमध्ये नका करू 😀

भुईमूग
पैसे देऊन संडास वापरायला लावलेलं माहितीये का? तामिळनाडूत मुसिरीला एका संस्थेने सार्वजनिक संडास बांधून जाणाऱ्याला दर वेळी दहा पैसे दिले होते 😂 मूत्र केळीला. आपल्याकडे आपण पाच रुपये देऊन जातो.

हिशेबनीस
दहा पैसे बरोबर भाव आहे, गंमत नाही. पाच जणांचे वर्षाला सातशे, म्हणजे माणशी 140, दिवसाला 38 पैसे. दिवसातून तीन-चार वेळा जाणार. एका वेळचे दहा पैसे बसतात.

भुईमूग
हा माणूस खरंच सगळ्याचा हिशेब करतो.

द्राक्षबाग_निफाड
मी निर्यातीची द्राक्षं करतो म्हणून एक सावधगिरी सांगतो, कुणी बोललं नाही. युरोपला माल पाठवायचा तर ग्लोबलगॅपचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात शहराच्या मैल्याचा गाळ शेतात वापरायला सरळ मनाई आहे. गाळ नीट प्रक्रिया केलेला आहे का कसा, ऐकूनच घेत नाहीत. युरोपातली सेंद्रियवाली मंडळी पण माणसाचा मैला घेत नाहीत. म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे खतावर जास्त पैसे टाकायची ऐपत आहे, त्यालाच हे घ्यायला बंदी. उरला तो शेतकरी ज्याला 266 ची बॅग मिळते. आता सांगा मार्केट कुठून तयार होणार. नगरपालिका खताची पोती भरून ठेवतात आणि उचलणारा मिळत नाही, आमच्याकडच्या एका गावात पाहिलंय, पावसात भिजून पोत्यांवर गवत उगवलं होतं.

कोकम_सरबत
पण पूर्वी मार्केट होतं ना? जपानात एडोच्या काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) शहरातला मैला शेतकरी विकत घेत, ओसाकात तर भाडेकरूची विष्ठा घरमालकाची आणि मूत्र भाडेकरूचं असे हक्क ठरलेले होते, आणि त्यावरून गावागावांत भांडणं व्हायची. आपल्याकडे पण बंगलोर पद्धत म्हणून आहेच, सी. एन. आचार्य यांनी 1939 च्या सुमारास बसवलेली, चरात कचऱ्याचा थर मैल्याचा थर असं करून बंद करायचं. नगरपालिका ते खत विकायच्या.

हिशेबनीस
होतं, कारण तेव्हा युरिया नव्हता. माणसाच्या मैल्याला भाव होता तो दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून. आणि त्या काळी पाटीने उचलणाऱ्याला कवडीमोल मजुरी होती, रोखठोक म्हणतात तेच. मजुरी नीट धरली असती तर बंगलोर पद्धत पण तोट्यातच गेली असती असं माझं मत.

विद्या_सांगली
नैरोबीच्या झोपडपट्ट्यांत आणि हैतीत अजून असे प्रयोग चालू आहेत, डबे बदलून मैला गोळा करतात, खत करतात, नैरोबीवाले त्याच्यावर अळ्या वाढवून पशुखाद्य पण करतात. त्यांचे जाहीर आकडे वाचले तर एकच गोष्ट दिसते, खत विकून आलेला पैसा खर्चाचा छोटासा भाग, बाकी मासिक वर्गणी आणि देणग्या. वर्गणी का देतात लोक? घरात स्वच्छ संडास मिळतं म्हणून. खत मिळतं म्हणून कोणी देत नाही.

खटावची_माती
बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांचे आभार. म्हणजे मला समजलं ते असं की भाऊ खताच्या बाबतीत चुकला पण खड्ड्यांच्या बाबतीत बरोबर. आता कामाचं विचारतो. विहीर घरापासून साधारण साठ फुटांवर आहे. काळ्या मातीत शोषखड्डा चालेल का, ती फुगते-आकसते. आणि आल्याच्या रानात घातलं तर? संडासाचं सरकारी 12 हजार अनुदान मिळेल का?

पाणीवाला_इंजिनियर
साठ फूट म्हणजे 18 मीटर, चालेल, पण पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते आधी बघा. खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीपासून दोन मीटर तरी वर राहिला पाहिजे. नसेल राहत तर खड्डा उथळ आणि रुंद करा, जास्त खोल नेऊ नका. खोल खड्डा भारी असं गवंड्यांना वाटतं, उलट आहे, मीटर-सव्वा मीटर पुष्कळ.
जागा तुमच्या हातात असेल तर मुरमाड बाजूलाच घ्या. काळ्यातच करावं लागलं तर खड्डा मोठा खणून रिंगेच्या बाहेरून चारी बाजूंनी फूटभर वाळू-खडी भरायची, नाहीतर काळी माती भोकं बुजवते आणि पाणी मुरत नाही. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर ठेवा. रिंगांना भोकं असतात ती बघून घ्या, काही ठिकाणी बिनभोकाच्या बसवतात आणि मग खड्डा दोन महिन्यांत भरतो. तळाला कोबा करायचा नाही. आंघोळीचं पाणी चुकूनही त्यात नाही. आणि वाय चेंबर, म्हणजे जिथून पाइप दोन्हीकडे फुटतो ते, त्यावर झाकण उघडता येईल असं ठेवा. अनेक ठिकाणी दोन्ही वाटा उघड्या ठेवलेल्या असतात, दोन्ही खड्डे एकदम भरतात, मग दोन खड्डे कशाला केले.
12 हजार हे घरात आधी संडास नसलेल्या पात्र कुटुंबाला, गावात जुनं घर आणि त्यात संडास असेल तर अवघड. ग्रामसेवकाला विचारा, पण त्या पैशात नीट दोन खड्डे, भिंती आणि वरची पाण्याची टाकी सगळं होतं असं धरू नका, वरचे तुम्हालाच घालावे लागतील.

कोकम_सरबत
आल्यात नको हो! आलं, बटाटा, कांदा ही मातीतली पिकं. जंताची अंडी सगळ्यात चिवट, तीच शेवटपर्यंत जगतात. आपल्याकडच्या उष्णतेत खड्डा बंद करून वर्षाच्या वर ठेवायलाच पाहिजे, दीड वर्ष ठेवलं तर बरं, आणि तरी कच्चं खायच्या पिकाला नको. आलं तुम्ही चटणीत कच्चंच घालता ना.
आंबा, शेवगा, नारळ आहे ना तुमच्याकडे, तिथे आळं खणून खाली घाला, वर माती ओढा, हात साबणाने.

हिशेबनीस
मूत्राचं वेगळं. तुम्हाला खरंच खताची हौस असेल तर पुरुषांसाठी बाहेर एक साधी मुतारी, खाली झाकणाचा कॅन. त्यात रोगजंतूंची भीती कमी, स्वतःच्या घरचं असेल आणि काढणीच्या आधी महिनाभर थांबणार असाल तर फार साठवायची पण गरज नाही असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनात आहे. दुसऱ्यांना द्यायचं तर सहा महिने साठवून. कॅन बंदच ठेवायचा, उघडा ठेवला की नत्र हवेत जातं, तोच तो झणझणीत वास. पाणी मिसळून मुळाजवळ, पानावर नाही. दीडशे रुपयांचा युरिया वाचेल, माझ्यावर नंतर केस करू नका.

रोखठोक
आणि खटावकर, खड्डा तुम्ही स्वतः उपसणार ना?

खटावची_माती
मी आणि भाऊ. त्यालाच हौस आहे तर घमेलं त्याच्याकडे. आईला त्या दिवशी मामाकडे पाठवतो.

पाणीवाला_इंजिनियर
पहिला खड्डा भरायला पाच माणसांना तीन वर्षांच्या आसपास लागतील, पाहुणे फार असतील तर आधी. बंद केल्याची तारीख झाकणाच्या सिमेंटवर खिळ्याने कोरून ठेवा, कारण तीन वर्षांनी तुम्हा दोघांपैकी कुणालाच आठवणार नाही कुठला कधी बंद केला. आणि हार्पिक-फिनेल बेताने, रोज ओतलं तर आतले जिवाणूच मरतात.

भुईमूग
शांपूच्या पुड्यांसाठी संडासात एक डबा पण ठेवा, कोकम ताईंच्या मावशीला तरी त्यातलं वेचावं लागलं.